ज्याच्यावाचून अडत नाही, तो जाणकार

२०२५ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. दसरा होऊन गेला होता, दिवाळी आठवड्यावर आली होती, आणि मी संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात छातीशी चिमुकला लॅपटॉप धरून उभा होतो. त्या दुकानात एवढी गर्दी मी पूर्वी पाहिली नव्हती. कारण साधे होते. १४ ऑक्टोबरला विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा सांभाळ कंपनीने थांबवला होता. खटपट करून आणखी वर्षभराची मुदत मिळत होती, पण त्यानंतर काय हा प्रश्न होताच. नव्या विंडोज ११ ला जो सुरक्षेचा भाग आणि जो प्रोसेसर लागतो, तो बऱ्याच जुन्या यंत्रांत नाही. शिकवणीचे मास्तर होते, विमा एजंट होते, एक टॉवेल कारखानदार होते. यंत्र धडधाकट आहे, मग ते टाकायचे का, एवढेच प्रत्येकाला विचारायचे होते.

माझे दुखणे त्याहून जुने. माझा लॅपटॉप २०१० चा. दहा इंची पडदा, शाळेच्या पाटीएवढा आकार. त्या काळी याला नेटबुक म्हणत. आत विंडोज ७ ची जी सर्वांत स्वस्त आवृत्ती होती, तिच्यात पडद्यामागचे चित्रसुद्धा बदलता येत नसे. भाडेकरूने भिंतीला खिळा ठोकायचा नाही, तसला प्रकार! त्या आवृत्तीचा सांभाळही २०२० च्या जानेवारीतच संपला होता. पण हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाता-येता या पाटीवर मी दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. मालकाने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि मायेने म्हणाला, ‘साहेब, आता ह्यात काय राहिलंय? भंगारात द्या की.’

मी ती परत घरी आणली. तिच्यावर जीव होता म्हणून नव्हे. खरे कारण निराळे होते, ते पुढे सांगतो.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात संगणकाचा डिप्लोमा करणारी एक मुलगी राहते. घरी तेलुगू, शाळेत मराठी, मैत्रिणींशी सोलापुरी. अशी आमच्या पूर्व भागातली अस्सल मुलगी. आजोबा एका चादर कारखान्यात जॉबर होते. ती आली, लॅपटॉप उघडला आणि पाचएक मिनिटे नुसती बघत बसली. मग खिशातून पेनड्राइव्ह काढून म्हणाली, ‘काका, आधी तुमच्या फाइली दुसरीकडे उतरवून घेऊ. मग हे पेनड्राइव्हवरूनच चालवून बघू. आतल्या डिस्कला हात लावायचा नाही. पटलं तरच आत घालू.’

दहा मिनिटांनी पडद्यावर काळी चौकट होती. तिने दोन अक्षरे टाइप केली, डी आणि एफ. डिस्कमध्ये किती जागा भरली, किती उरली, याचा तक्ता समोर आला. मी दचकलो. तिला वाटले, मला काळ्या पडद्याची भीती वाटली. तसे नव्हते. ही दोन अक्षरे मला तीस वर्षांपासून ओळखीची होती, आणि त्यांच्याशी माझी एक जुनी लाज बांधलेली होती.

ती सांगण्याआधी, पेनड्राइव्हवर काय होते ते सांगितले पाहिजे. ज्यांना लिनक्स हे नाव ठाऊक नाही, अशा वाचकांसाठी थोडक्यात. यंत्राचे सुटे भाग आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्यामध्ये एक कारभारी असतो, त्याला प्रणाली म्हणतात. विंडोज हा असाच एक कारभारी. त्याची वही मालकाच्या कुलपात असते. लिनक्सची वही उघडी असते. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण छंद म्हणून एक प्रणाली करत आहोत, असे जाहीर केले, आणि आतला मजकूर सर्वांसाठी खुला केला. त्याआधी अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अशाच खुल्या प्रणालीचा संकल्प सोडला होता. त्यांच्या रागाचे मूळ एका छपाईयंत्रात होते. प्रयोगशाळेतल्या यंत्रात कागद अडकत. अडकला की वापरणाऱ्याला तसे कळावे, एवढी सुधारणा त्यांना करायची होती. पण यंत्राचा आतला मजकूर दाखवायला नकार मिळाला. दुरुस्ती करता येत असून करू दिली जात नाही, ही चीड एका चळवळीला पुरली. या दोन धारा एकत्र आल्या. आज लिनक्सच्या शेकडो आवृत्त्या आहेत. माझ्या यंत्रात गेली ती डेबियन. १९९३ पासून ती स्वयंसेवकच चालवतात.

छोटा लॅपटॉप आणि लिनक्स यांचे लग्न तसे जुने. २००७ च्या अखेरीस तैवानच्या असुस कंपनीने ‘ईई पीसी’ बाजारात आणला. सात इंची पडदा, किलोपेक्षा कमी वजन, साठवण चार जीबी, आणि आत लिनक्स. जगभर त्याच्यावर उड्या पडल्या. पण वर्ष-दीड वर्षात त्याच आकाराच्या यंत्रांत जुने विंडोज एक्सपी आले आणि दुकानांतून लिनक्स मागे पडले. पुढे टॅब्लेट आले, नेटबुकची लाटच ओसरली. मागे उरल्या त्या कपाटांतल्या असंख्य पाट्या. माझी त्यांतलीच एक.

आता मूळ प्रश्न. लिनक्स वापरणारा म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर एक मूर्ती येते. काळा पडदा, पांढरी अक्षरे, दहा बोटे धडाधड चालताहेत, आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. जितके कमी कळेल तितका तो मोठा जाणकार! या मूर्तीवर माझाही विश्वास होता. किंबहुना काही वर्षे ती मूर्ती मीच होतो.

मी बँकेत लागलो ऐंशीच्या दशकात. रंगराजन समितीचा बँकांतील यांत्रिकीकरणाचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर शाखांत आधी लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, संघटनांशी करारमदार झाले, आणि नव्वदच्या दशकात मोठ्या शाखांचे सारे काउंटर एका संगणकाला जोडले गेले. अनेक ठिकाणी त्या संगणकावर युनिक्स असे. लिनक्स ज्या नमुन्यावर बेतले गेले, ते हे युनिक्स. मी तीन आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन आलो आणि शाखेतला ‘सिस्टिमवाला’ झालो. तिथे दोन खुणा शिकलो होतो. साध्या वापरणाऱ्यासमोर डॉलरचे चिन्ह येते. सर्वाधिकार असलेल्या ‘रूट’समोर चार उभ्या-आडव्या रेघांची चौकट येते. त्या चौकटीची किल्ली, म्हणजे रूटचा पासवर्ड, माझ्याकडे होता.

नियम असा की, तो पासवर्ड सीलबंद लिफाफ्यात घालून तिजोरीत दोघांच्या ताब्यात ठेवायचा. बदलला की लिफाफा बदलायचा. मी पासवर्ड बदलला, लिफाफा बदलला नाही. विसरलो, असे त्या वेळी सांगितले. आज साठी उलटल्यावर खरे सांगायला हरकत नाही. मी विसरलो नव्हतो. आपल्यावाचून अडावे, ही हौस होती.

आणि अडले. एका महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी लग्नासाठी परगावी होतो. संध्याकाळी दिवसाचा हिशेब बंद करण्याचे काम मध्येच थांबले. पुन्हा केले, पुन्हा थांबले. लिफाफा फोडला, आतला पासवर्ड चालेना. तेव्हा मोबाइल नव्हते. रात्री अकरापर्यंत माणसे बसली. त्यात दोघी बायका होत्या, एकीचे मूल तापाने फणफणलेले होते. दुसऱ्या दिवशी पहिली तारीख, पेन्शनची. आदला दिवस बंद झाल्याशिवाय नवा दिवस उघडत नाही. सकाळपासून आलेले पेन्शनर दुपारपर्यंत बाकांवर बसले आणि उन्हात परत गेले. त्यांत रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ होते. बायकोच्या औषधाची चिठ्ठी त्यांच्या खिशात होती, हे मला नंतर शिपायाने सांगितले.

मी दुपारी दोनला पोचलो. चौकटीसमोर बसलो, डी एफ टाइप केले. डिस्क शंभर टक्के भरली होती. छापून झालेल्या जुन्या याद्यांच्या फाइली कुणी काढल्याच नव्हत्या. त्या काढल्या, काम पुन्हा लावले. सगळे मिळून चार मिनिटे. शाखेत टाळ्या वाजल्या. ‘साहेब आले म्हणून झालं!’ मॅनेजरांनी चहा मागवला. मी तो चहा मिटक्या मारीत प्यायलो, हीच माझी लाज. जी अडचण माझ्यामुळे झाली, ती सोडवल्याबद्दल माझा सत्कार होत होता, आणि मला तो खरा वाटत होता.

याच सुमारास कर्जखात्याच्या कामानिमित्त मला यंत्रमाग कारखान्यांत जावे लागे. तारण माल पाहायचा, माग मोजायचे, शेरा लिहायचा. सोलापुरी चादरीची नक्षी विणतो तो जकार्ड. पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके असतात. भोक असेल तिथे सुई आत जाते, धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे जात नाही. फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोसेफ जकार्डने १८०४ मध्ये ही युक्ती पक्की केली. तिच्यावरूनच चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणकयंत्राला कार्डांनी सूचना देण्याचे ठरवले होते. म्हणजे संगणकाचा एक पणजोबा आमच्या पूर्व भागात रात्रंदिवस खडखडत असे, आणि आम्ही बँकवाले त्याला नुसते तारण समजत होतो.

त्या कारखान्यांत मला दोन प्रकारचे जॉबर दिसले. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, जुळवणारा कारागीर. पहिल्या प्रकारचा जॉबर आला की विणकर बाजूला सरत. तो मागाकडे पाठ करून, अंगाआड काहीतरी करी. माग चालू होई. काय केले ते कुणाला कळत नसे. एका मालकाने मला हळूच सांगितले होते, ‘साहेब, माग माझे, पण कारखाना ह्याचा.’ दुसऱ्या प्रकारचा एक वृद्ध जॉबर मी पाहिला. माग थांबला की तो विणकरालाच विचारी, ‘थांबायच्या आधी आवाज कसा आला?’ मग त्याच्याच हातून नट सैल करून घेई. साधी दुखणी तिथले विणकर स्वतः काढत. त्यामुळे या गृहस्थाला दिवसातला बराच वेळ काम नसे. तो दाराशी तंबाखू मळत बसलेला असे. पहिल्या भेटीत मी माझ्या शेऱ्यात लिहिले होते, ‘एक कामगार जादा दिसतो.’

त्या जादा कामगाराची मोठी जाणकारी मला समजायला तीस वर्षे आणि एक पेनड्राइव्ह लागला.

मुलीने डेबियन आत घातले, तेव्हा पहिली अडचण फार किरकोळ निघाली. दहा इंची पडद्याची उंची कमी. काही खिडक्या पडद्यापेक्षा लांब उघडतात आणि ‘ठीक आहे’ हे बटण पडद्याखाली, अदृश्यात राहते. दाबायचे कसे? मी असतो तर आज्ञा टाइप करून ते घडवले असते आणि समोरच्याला दिपवले असते. ती म्हणाली, ‘काका, आल्ट दाबून धरा आणि माउसने खिडकी वर ओढा. धरायला पट्टी लागत नाही, कुठंही धरा.’ खिडकी वर सरकली, बटण दिसले. ‘आता तुम्ही करा.’ मी केले. ‘आता वहीत लिहा.’

वही! तिची ती अटच होती. शंभर पानी वही आणायला लावली. प्रत्येक गोष्ट मी माझ्या हाताने करायची आणि माझ्या शब्दांत लिहायची. काय केले, का केले, आणि उलटे फिरवायचे तर काय करायचे, हे तीन रकाने. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हे फार पटले. व्हाउचरशिवाय नोंद नाही.

बँकेतली आणखी एक गोष्ट मला त्या पाटीत भेटली. आमच्याकडे एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, हा पाया. रूट होऊन दिवसभर बसणे म्हणजे नोंदही आपली आणि मंजुरीही आपली. हल्लीच्या लिनक्सवर रोजचे काम साध्या वापरणाऱ्याच्या नावाने करतात. मोठा फेरफार करायचा झाला तर त्या एका आज्ञेपुढे ‘सुडो’ हा शब्द लावायचा, स्वतःचाच पासवर्ड द्यायचा, आणि कुणी कधी काय केले याची नोंद यंत्रात राहते. नवशिक्याला वाटते, सर्वाधिकार घेऊन बसणारा तो तज्ज्ञ. प्रत्यक्षात सर्वाधिकार कमीत कमी वेळ हातात ठेवतो तो तज्ज्ञ. मी नेमका उलटा वागलो होतो.

तिचे आणखी एक मला दिसले. तिला पुष्कळ गोष्टी येत नव्हत्या आणि ते ती सहज सांगत होती. ‘हे मला माहीत नाही, बघूया.’ मग ‘मॅन’ ही आज्ञा. लिनक्सच्या बहुतेक आज्ञांची पुस्तिका यंत्रातच असते. मॅन लिहून पुढे आज्ञेचे नाव दिले की उघडते. ती पुस्तिका शेवटपर्यंत वाचत असे. वायफाय चालेना, तेव्हा तिने आधी काही बदलले नाही. यंत्राने काय तक्रार नोंदवली आहे ते पाहिले, त्या चिपचे नाव शोधले, मग हात घातला. एका वेळी एकच बदल. वृद्ध जॉबरचा प्रश्न आठवला: थांबायच्या आधी आवाज कसा आला?

आता ते खरे कारण, ज्यासाठी मी पाटी भंगारात दिली नाही.

माझी पहिली कादंबरी नव्वदच्या दशकात संगणकावर टाइप झाली. छापताना प्रकाशकांनी जाडी कमी करायला सांगितली आणि मी तीन प्रकरणे गाळली. हस्तलिखित पुढे घर बदलताना गेले. ती तीन प्रकरणे उरली फक्त फ्लॉपीवरच्या फाइलीत; ती फाइल यंत्रामागून यंत्रात फिरत या पाटीपर्यंत आली होती. पण उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा कचरा. कारण त्या काळचे मराठी फाँट एक प्रकारची फसवणूक करत. यंत्राच्या लेखी अक्षर इंग्रजी. फक्त त्याचे चित्र मराठी. तो विशिष्ट फाँट गेला की मराठी गेली. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक १९९१ पासूनच आहेत, पण ते आपल्या टेबलापर्यंत पोचायला बरीच वर्षे गेली. तोवर आपण सर्वांनी दशकभराचे मराठी लिखाण असल्या उसन्या क्रमांकांत लिहून ठेवले.

गाळलेल्या प्रकरणांत काय होते? पेन्शनच्या खिडकीसमोर बसलेला एक म्हातारा होता. जे मी कुणाजवळ बोललो नाही, ते तिथे लिहिले होते, आणि सोयीस्कर सल्ला मिळताच तेच पहिले गाळले होते.

मुलीने जुन्या फाँटचे युनिकोड करणारा एक लहान कार्यक्रम शोधून आणला. कुणीतरी लिहून खुला ठेवलेला. चालवला, आणि पडद्यावर मराठी उमटली. माझ्या डोळ्यांत पाणी आले. तिने मात्र भुवया आवळल्या. ‘काका, वेलांट्या चुकल्यात.’ खरेच होते. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण उच्चारात येते नंतर. जुन्या फाँटमध्ये ती दिसते तशी आधी टाइप होई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. साध्या अक्षरांत कार्यक्रमाने अदलाबदल बरोबर केली होती, पण जोडाक्षर आले की वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसत होती. रफारही तसाच भरकटला होता. तिने त्या कार्यक्रमाचा आतला मजकूर उघडला. पंधरा-वीस ओळींचे एक कोष्टक होते. मराठी तिच्यापेक्षा मला बरी, संगणक माझ्यापेक्षा तिला. ‘स्थिती’ या शब्दात वेलांटी कुणामागे जायला हवी, हे मी कागदावर काढून दाखवले; तिने ओळ बदलली. दोन संध्याकाळी गेल्या. तीन प्रकरणे परत आली.

वही उघडी नसती तर ही दुरुस्ती झाली नसती. पण नुसती वही उघडी असून भागत नाही, वाचणारा लागतो. हा धडा महाराष्ट्राने एका आडगावी पाहिला आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही निकोलस नेग्रोपाँटे यांची कल्पना. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, लिनक्सवर चालणारा, उन्हातही पडदा वाचता येईल असा छोटा लॅपटॉप त्यासाठी तयार झाला. त्याच्या मुठीत जादा स्क्रू ठेवलेले असत, म्हणजे मुलांनी तो खोलावा, ही अपेक्षाच होती. कळफलकावर अशी सोय होती की, चालू कार्यक्रम ज्या ओळींनी लिहिला आहे त्या ओळी मुलाला पाहता याव्यात. २००६ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात गावच्या लहानशा प्राथमिक शाळेत तिचा भारतातला पहिला प्रयोग झाला. खेड्यातली मुले लिनक्स वापरू लागली, आणि त्यांना ते अवघड आहे हे कुणी सांगितलेले नसल्याने ते अवघड गेले नाही. पण प्रयोग देशभर पसरला नाही. ज्या पेरू देशात तो मोठ्या प्रमाणावर झाला, तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा आणि गणित यांच्या गुणांत फरक दिसला नाही. शिकवणाऱ्याची तयारी झाल्याशिवाय नुसती पाटी दिली तर ती पाटीच राहते.

केरळने क्रम उलटा धरला. तिथे सरकारी शाळांत लिनक्स गेले ते शिक्षकांच्या प्रशिक्षणासकट, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थ्यांची मंडळे शाळाशाळांत उभी राहिली. यंत्र बिघडले तर आधी मुलेच पाहतात. म्हणजे वृद्ध जॉबरची पद्धत!

लिनक्स म्हणजे रामबाण, असे मात्र कुणी समजू नये. माझ्या पाटीची मेमरी दोन जीबीपर्यंतच वाढते. जुनी डिस्क काढून नवी घातली तेव्हा ती चपळ झाली, तरी आजची वेबपाने तिला झेपत नाहीत. व्हिडिओवर बोलणे सोडूनच द्यावे. एका मित्राचे नेटबुक २००८ चे, बत्तीस बिटांच्या प्रोसेसरचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्या जातीच्या यंत्रांवर नव्याने बसणे बंद केले. त्याला आधीची आवृत्ती घालून दिली. तिचाही सांभाळ एक दिवस संपेल. इथेही वस्तू म्हाताऱ्या होतात. फरक एवढाच की, का आणि कधी ते आधी सांगितले जाते, आणि ज्याला जमेल त्याला सांभाळायची मोकळीक असते. लिहिण्या-वाचण्यापुरते म्हणाल तर माझे काम भागले. इनस्क्रिप्ट कळफलक, लोहित मराठी फाँट, लिबरऑफिस. हा लेख त्याच पाटीवर लिहिला आहे.

मुलगी आता नोकरीला पुण्यात असते. जाताना मी तिला म्हटले, ‘अगं, तू गेल्यावर अडलं तर?’ तिने वहीकडे बोट दाखवले.

गेल्या महिन्यात आमच्या पेन्शनरांच्या बैठकीत मी लॅपटॉप नेला. तीन-चार जणांनी आपल्या घरच्या जुन्या पाट्या बाहेर काढल्या आहेत. त्यांतल्या एकाने वही मागून नेली. तो बँकेत माझा कनिष्ठ होता. महिनाअखेरच्या त्या रात्री अकरापर्यंत बसलेल्यांपैकी एक. पंधरा दिवसांनी वही परत आली. पान चौदावर, पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करण्याच्या माझ्या पायऱ्यांत, मी एक पायरी चुकीच्या जागी लिहिली होती. तिच्यावर काट मारून शेजारी त्याच्या बारीक अक्षरात योग्य क्रम लिहिला होता, आणि खाली बँकेतल्या सवयीने छोटी सही.

माझ्या वहीत माझी चूक, दुसऱ्याच्या हाताने खोडलेली. क्षणभर जुना सिस्टिमवाला आत दुखावला, हे कबूल करतो. मग मी पेन घेतले आणि त्याच्या सहीशेजारी माझी केली.